एक हजाराची ओळ

३ तारीख, सोमवार

पाकीट दिलं, फोन दिला, किल्ल्या दिल्या, चष्म्याचं घर उघडून दाखवलं. मग दारावरच्या माणसानं ही वही घेतली आणि कोरी पानं एकेक करून उलटली. अठ्ठेचाळीस. प्रत्येकावर आजच्या तारखेचा शिक्का मारला, कोपऱ्यात आकडा घातला.

"ह्यात काय लिहिणार?"

"बहिणीला पत्र."

"इथून पत्र जात नाही."

"तिकडे उघडतही नाहीत."

तो हसला नाही. "पान फाडायचं नाही," म्हणाला. "जाताना अठ्ठेचाळीस मोजून घेणार."

ताई, तर हे पत्र असं आहे. अर्थसंकल्पाची छपाई आजपासून सुरू झाली. अकरा तारखेला अकरा वाजता अर्थमंत्री सभागृहात भाषण वाचतील. ते वाचून संपेपर्यंत आम्ही बावीस जण छापखान्याच्या मागच्या तीन खोल्यांत बंद. खिडक्यांना आतून तपकिरी कागद चिकटवलाय. माझी खाट कागदाच्या रिळांशेजारी आहे. तीन वर्षांपूर्वीपर्यंत भाषणाच्या दिवशी सकाळी आठलाच सोडायचे. तो नियम बदलला ते मला बरं वाटतं. का, ते तुला माहीत आहे.

ह्या वर्षीही माझ्याबरोबर मास्तर आहेत. ते मूळ प्रत मोठ्यानं वाचतात, मी छापील पानावर बोट ठेवून जुळवतो. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून मास्तर. आकडे हजेरी घेतल्यासारखे वाचतात. चार महिन्यांनी निवृत्त होतील. वाचताना काही खटकलं तर थांबतात आणि विचारतात, "पुढे?" मी "पुढे" म्हणतो. मूळ प्रतच चुकली असेल तर ती दुरुस्त करणं आमचं काम नाही. समासात प्रश्नचिन्ह काढायचं, चिठ्ठी लावायची आणि अर्थखात्याच्या साहेबांकडे द्यायची. सव्वीस वर्षांत मी अशा पुष्कळ चिठ्ठ्या लावल्या. एकही माझ्या स्वतःच्या कारणासाठी नव्हती.

चहा बरा आहे.


४ तारीख, मंगळवार

तुटीचा आकडा आज छापून झाला. बाकीचं पुस्तक अजून यायचंय.

सरकार मिळवतं त्याहून जास्त खर्च करतं आणि त्या फरकाला तूट म्हणतात, एवढं तुला माहीत असणार. मलाही माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी कायदा झाला की ही तूट देशाच्या कमाईच्या शंभराला साडेतीनच्या वर जाऊ द्यायची नाही. तो कायदा मीच तपासला होता. पण इतकी वर्षं मला वाटायचं, आधी खर्च लिहीत असतील आणि शेवटी तूट निघत असेल. तसं नाही. साडेतीन आधी छापतात, मग खर्च त्यात बसवतात. तू आधी बूट आणून मग त्यात मावेल असा कृत्रिम पाय बनवतेस का? बनवतही असशील. तुझ्या कामातलं मला काही कळत नाही.

अर्थखात्याचे एक साहेब आमच्याबरोबर आत राहतात. शर्टाच्या खिशात टाचण्यांची डबी असते, बोलताना एकेक काढून कागदांना लावत राहतात. आम्ही त्यांना टाचणीसाहेब म्हणतो, त्यांनाही ते माहीत आहे. जेवताना मास्तरांनी त्यांना विचारलं, "साडेतीनच का?"

"आधी चार होतं. चार जास्त दिसत होतं."

"मग तीन करायचं."

"तीन जमत नव्हतं."

मशीनवाला म्हणाला, "साहेब, घरात कमी पडलं की मी मेहुण्याकडून आणतो. सरकार कुणाकडून आणतं?"

"तुमच्याकडूनच. बँकेत ठेवता, विम्यात भरता, फंडात कापून जातं, तिथून."

"म्हणजे सरकारचा मेहुणा मीच."

"तसंच."

"मग मला कुणी विचारत कसं नाही?"

"तुम्हाला तुमचा मेहुणा विचारतो?"

"विचारतो की. तासभर विचारतो."

साहेबही हसले. मी हसलो, पण नंतर खाटेवर पडून तेच डोक्यात फिरत राहिलं. तूट वाढली तर विरोधी पक्ष ओरडतो. तूट कमी करायला खर्च कापला तरी तोच ओरडतो. पुढच्या वर्षी निवडणूक आहे, म्हणून कर वाढवायचा नाही आणि रस्तेही कमी करायचे नाहीत. मग साडेतीन होतं कशानं? साहेबांना विचारलं तर म्हणाले, "होतं. दर वर्षी होतं."


६ तारीख, गुरुवार

आज तुझी ओळ आली.

प्रत्येक खात्याचा खर्च 'मागणी' म्हणून सभागृहापुढे ठेवतात. मागणी क्रमांक एकेचाळीस, नववी ओळ: कृत्रिम अवयव केंद्रे, साहित्य व वेतन, चार कोटी वीस लाख. मास्तरांनी वाचली, मी बोट फिरवलं, जुळली. मी दहाव्या ओळीवर गेलो.

आत यायच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली होती, "वन्संना अकरा तारखेला पाचपर्यंत पर्याय भरून द्यायचाय. केंद्रातच राहायचं, की जिल्हा रुग्णालयात प्लास्टरच्या खोलीत जायचं. एकदा भरला की बदलत नाही. राहिल्या आणि केंद्र बंद पडलं तर काहीच नाही." मी मोजे घडी करत होतो. ती पुढे म्हणाली, "तुम्हाला आत काही दिसलंच..." आणि तिथंच थांबली.

मी तिला सांगितलं की मी वाचत नाही, फक्त जुळवतो. तुलाही मी तीन वर्षांपूर्वी हेच सांगितलं होतं.

ते खरं नव्हतं. त्या सकाळी आठला सुटून मी सरळ तुझ्याकडे आलो. तू चहा ठेवलास. दहाला खाजगी रुग्णालयात राजीनामा देणार होतीस, सरकारी केंद्रात नवी जागा मिळाली म्हणून खुशीत होतीस. नव्या जागा गोठवल्याचं पान मी दोन दिवस आधी तपासलं होतं. अकराला भाषण होतं. मी चहा प्यालो, अजून अर्धा मागितला, आणि तू पर्स घेऊन बाहेर पडलीस. त्यानंतर नऊ महिने तू घरी होतीस. कंत्राटावर ह्या केंद्रात लागलीस तेही मला बायकोकडून कळलं.

शपथ होती, एवढंच मी तेव्हा म्हणालो. ती खरीच होती.


७ तारीख, शुक्रवार

तुझी ओळ बदलली. सकाळी दुरुस्त्यांचा गठ्ठा आला. त्यात चार कोटी वीस लाखांवर लाल शाईनं रेघ आणि शेजारी 'एक हजार'.

मी दोनदा पाहिलं. चहाच्या वेळी टाचणीसाहेब खिडकीजवळ एकटे उभे होते, कागद चिकटवलेल्या काचेकडे बाहेर काही दिसत असल्यासारखं बघत. मी विचारलं, "साहेब, एक हजारात केंद्र कसं चालेल?"

"चालायचं नाहीच. ती लाक्षणिक तरतूद आहे. ओळ जिवंत ठेवलीय."

"म्हणजे?"

"ओळ काढून टाकली की नवी उघडायला पुन्हा सगळं करावं लागतं. हजार ठेवले की दार किलकिलं राहतं. चार महिन्यांनी पुरवणी मागणीत भर घालता येईल."

"घालणार?"

"तेव्हा परिस्थिती बघून."

"मग तूट तेव्हा वाढेल."

"तेव्हाची तेव्हा. अकरा तारखेला साडेतीन असली पाहिजे."

मी म्हटलं, "पण चार कोटींनी काय होतं? एवढ्या मोठ्या हिशेबात दिसणारही नाही."

त्यांनी डबीतून टाचणी काढली, लावायला कागद नव्हता, परत ठेवली. "अशा एकशे अठरा ओळी आहेत," म्हणाले. "प्रत्येक ओळ हेच म्हणते."

माणूस वाईट नाही. त्यांची मुलगी बारावीला आहे, आत येताना तिला ताप होता, आणि इथून फोन करता येत नाही.

मला कळत नाही, ताई. ओळ जिवंत आहे म्हणजे केंद्र आहे की नाही? तुला आज बोलता आलं असतं तरी मी काय सांगितलं असतं? राहा की जा?


८ तारीख, शनिवार

एकेचाळीसच्या तपासणीची शेवटची खेप आज झाली. विशेष काही नाही. सही केली.

दुपारी भाषणाची पहिली पानं आली. 'मागील सरकारने रिकामी तिजोरी आणि कर्जाचा डोंगर आमच्या हाती ठेवला.' मास्तर वाचता वाचता थांबले.

"पुढे?"

"पुढे."

"हे आपण आधी छापलंय."

"सात वर्षांपूर्वी. तेव्हा हे विरोधात होते. आता जे विरोधात आहेत त्यांनी ह्यांच्याविषयी म्हटलं होतं."

"शब्दही तेच?"

"एक 'प्रचंड' होता तो काढलाय."

मास्तर म्हणाले, "काटकसर," आणि पुढे वाचू लागले.


९ तारीख, रविवार

काल मी 'विशेष काही नाही' असं लिहिलं. पान फाडता येत नाही, म्हणून ते तसंच राहील.

काल मास्तरांनी नववी ओळ वाचली, "एक हजार". छापील पानावरही एक हजार. जुळलं. पानाच्या तळाशी मागणीची बेरीज होती, नव्वद कोटी चाळीस लाख. मूळ प्रतीतही तेच, छापील पानावरही तेच. तेही जुळलं.

पण ती गुरुवारचीच बेरीज होती. ओळ कापली तेव्हा खालची बेरीज कापायची राहिली होती. लाल शाई ओळीपर्यंत आली आणि तिथंच थांबली.

मास्तर थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुढे?"

आता नीट लिहितो. मला माहीत होतं की बेरीज चुकलीय. मला हेही माहीत होतं की सभागृह मंजूर करतं ती बेरीज. ओळी नंतर खात्याला आपापसात फिरवता येतात. बेरीज जशीच्या तशी मंजूर झाली तर तुझे चार कोटी वीस लाख त्या मागणीत कुठेतरी असतील, फक्त त्यांच्यावर नाव नसेल. मी चिठ्ठी लावली असती तर साहेबांनी दोन मिनिटांत बेरीज कापली असती.

मी म्हटलं, "पुढे."

मास्तरांनी पान उलटलं. मग नेहमीच्याच सुरात बेचाळिसावी मागणी सुरू केली.

तुझ्यासाठी गप्प बसलो असं लिहायला बरं वाटेल. पण तेव्हा माझ्या डोक्यात तू होतीस का, ते मला आठवत नाही. साडेसहा तास सलग बसलो होतो. मान दुखत होती. चिठ्ठी लावली की ते पान परत येतं, पुन्हा पूर्ण वाचावं लागतं. हेही एक कारण असू शकतं.


१० तारीख, सोमवार

सकाळी चिठ्ठी लिहिली. 'मा. क्र. ४१, बेरीज पहावी.' एवढंच. खिशात ठेवून मशीनकडे गेलो. एकेचाळीसचा फर्मा छापून बाहेर येत होता, ओली पानं एकावर एक पडत होती. मशीनवाल्यानं विचारलं, "काय?"

"काही नाही."

"मग शाईत बाही घालू नका."

चिठ्ठी अजून खिशात आहे. लहानपणी बाबांनी छापखान्यातून छपाईच्या अक्षराचा शिशाचा एक खिळा आणून दिला होता, झिजलेला, तो मी असाच खिशात घेऊन हिंडायचो. त्यावरून तू मला खिळ्या म्हणायला लागलीस. शिसं विषारी असतं म्हणून तूच तो एक दिवस फेकून दिलास आणि मला सांगितलं नाहीस. मी आठवडाभर शोधत होतो. आज का आठवलं कुणास ठाऊक.

तीन वर्षांपूर्वी मी गप्प बसलो ते नियमानं, आणि त्यात तुझं नुकसान झालं. आता गप्प बसलोय ते नियम मोडून, आणि ह्यात कदाचित तुझं भलं होईल. दोन्ही वेळा बाहेरून मी सारखाच दिसतो.

मास्तरांचीही सही आहे त्या पानावर. हे मला काल सुचलं नव्हतं.


११ तारीख, मंगळवार. घरून

भाषण एकला संपलं, दोनला सुटलो. मूळ प्रती, दुरुस्त्यांचे गठ्ठे, रद्दी, सगळं आमच्यासमोर कागद कापायच्या यंत्रात गेलं. दारावरच्या माणसानं वहीची पानं मोजली. अठ्ठेचाळीस. एकही ओळ वाचली नाही. नियम मोजायचा होता.

तुला तीन फोन केले. मग केंद्रात आलो. अडीच ते पावणेपाच मी बाहेरच्या बाकावर होतो. भिंतीवर पर्यायाची सूचना लावलेली, शेवटची तारीख आजची, खाली केंद्रप्रमुखांची सही. समोर दोन समांतर दांड्यांमध्ये एक म्हातारा नव्या पायावर चालायचा सराव करत होता. माझ्यापाशी येऊन थांबला.

"तुमचा कुठला?"

"काय?"

"पाय हो. डावा की उजवा?"

"दोन्ही आहेत."

"मग इथं कशाला बसलात?"

मी बाकावर सरकून त्याला जागा केली. तो वळून परत निघाला. काचेपलीकडे तू दिसत होतीस. हात कोपरापर्यंत प्लास्टरनं पांढरे, समोरच्या माणसाच्या मांडीचं माप घेत होतीस. कामात होतीस, म्हणून हाक मारली नाही.

हाक मारून सांगणार तरी काय होतो? ओळीत पैसे नाहीत, बेरजेत आहेत. तू विचारलं असतंस, म्हणजे आहेत की नाहीत? पावणेपाचला उठलो.

संध्याकाळी बातम्या लावल्या. विरोधी बाकावरच्या एक बाई पुस्तक हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी पेन्सिलीनं बेरीज करून पाहिली होती. "एक हजार," त्या म्हणाल्या. "एक हजारात अर्थमंत्र्यांनी कुणाचा अंगठा तरी बसवून दाखवावा." सभागृह हसलं. मग म्हणाल्या, "आणि खालची बेरीज वेगळंच सांगतेय. खोटं कोण बोलतंय, ओळ की बेरीज?" अर्थमंत्र्यांकडे मागून एक चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली. उठून शांतपणे म्हणाले, "ही छपाईची चूक आहे. बेरीज बरोबर आहे. सरकार पाय काढून घेत नसतं." त्यांच्या बाजूच्यांनी बाकं वाजवली.

बायकोनं आवाज कमी केला आणि माझ्याकडे पाहिलं.


१२ तारीख, बुधवार

सकाळी नऊला शुद्धिपत्रक छापायला घेतलं. 'मागणी क्र. ४१, ओळ ९: एक हजार ऐवजी चार कोटी वीस लाख वाचावे.' मूळ पानावर ज्याची सही त्याचीच शुद्धिपत्रकावर लागते. मास्तरांनी वाचलं, मी जुळवलं.

"पुढे?" मास्तरांनी विचारलं. पुढे काही नव्हतं. एकच ओळ होती. मी सही केली.

अकराला निलंबनाचं पत्र मिळालं. मलाही आणि मास्तरांनाही. परवा सकाळी दहाला चौकशी. मास्तरांनी पत्र घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवलं आणि म्हणाले, "चार महिने राहिले होते हो." बस्स, एवढंच.

टाचणीसाहेब जिन्यात भेटले. मुलीचा ताप उतरलाय. आवाज खाली करून म्हणाले, "बेरीज माझ्याकडून राहिली. तुम्हाला दिसली नव्हती?"

"दिसली होती."

"मग चिठ्ठी का नाही लावलीत?"

"माहीत नाही."

त्यांनी खिशातली टाचण्यांची डबी चाचपली. मग म्हणाले, "हे बघा. छपाईची चूक आहे म्हणून ती ओळ भरली गेली. उद्या कुणी दाखवून दिलं की चूक नव्हती, आम्हीच कापली होती, तर शुद्धिपत्रक मागे घ्यावं लागेल. नाहीतर बाकीच्या एकशे सतरा ओळी दारात उभ्या राहतील. साडेतीनचं काय होईल मग?"

"आता चार कोटी वाढले, तरी साडेतीनच आहे?"

"साडेतीनच आहे," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "कुणाजवळ काही लिहिलेलं वगैरे नाही ना?"

"नाही."

वही तेव्हा पिशवीत होती. सात तारखेच्या पानावर लाल शाई आहे, एक हजार आहे, त्यांचं बोलणं आहे, आणि कोपऱ्यात सरकारी शिक्का. चौकशीत ही वही ठेवली तर मूळ प्रतीत काय होतं ते कळेल. मास्तर सुटतील. कदाचित मीही. नऊ तारखेचं पान त्यांनी वाचलं नाही तर.

आणि तुझी ओळ पुन्हा एक हजाराची होईल.

तू कुठला पर्याय भरलास तेही मला माहीत नाही. बायकोबरोबर वही पाठवतोय. वाच किंवा वाचू नकोस. घरात राहिली तर एखाद्या सकाळी मी ती उचलून चालायला लागेन, म्हणून पाठवतोय.


१३ तारीख, गुरुवार

खिळ्या,

वही काल संध्याकाळी मिळाली. तुझ्या बायकोनं दारातच दिली, आत आली नाही. मी वाचणार नव्हते. शिक्के कसले म्हणून पहिलं पान उघडलं.

पर्याय मी दहा तारखेलाच भरला होता. केंद्रात राहते, असा. तुला विचारून काही ठरवायचं मी तीन वर्षांपूर्वी सोडलं. तेव्हा तू बाकावर बसलास काय नि नाही काय. काचेतून मला तू दिसला होतास. हात प्लास्टरमध्ये होते हे खरं, पण धुवायला दोन मिनिटं लागतात. मी धुतले नाहीत.

खिळा मीच फेकला होता. मागच्या गटारात. तू तो चोखायचास.

आज सकाळी शुद्धिपत्रक केंद्रात आलं. केंद्रप्रमुखांनी उभं राहून वाचून दाखवलं. म्हणाले, छापखान्यातल्या कुठल्यातरी गाढवानं दोन दिवस झोप उडवली. सगळे हसले. त्यांनी चहा मागवला. रुग्णालयाचा पर्याय भरलेल्या दोघीजणी कोपऱ्यात रडत होत्या, त्यांना आता परत येता येणार नाही. मला सगळं माहीत होतं. मी सगळ्यांत उभी राहून चहा प्याले. अर्धा अजून घेतला.

ह्याचा अर्थ मी तुला माफ केलं असा लावू नकोस. राग आहे. फक्त आजपासून तो कुठे ठेवायचा ते मला कळत नाहीये.

वही साच्यांच्या कपाटात ठेवलीय, वरून दुसरा कप्पा. उद्या दहाला तुझी चौकशी आहे. आम्ही साडेआठला उघडतो. येऊन मागितलीस तर देईन. का हवी, ते विचारणार नाही.

ताई


१४ तारीख, शुक्रवार

ताई,

तुझं पत्र काल रात्री मिळालं; वही तुझ्याकडे आहे, म्हणून हे सुट्या कागदावर लिहितोय. आज सकाळी पावणेनऊच्या बसनं निघालो. बस तुझ्या केंद्रावरून गेली. दार उघडं होतं. मी उतरलो नाही.

दहाला आत बोलावलं. समोर तिघे होते. त्यांनी विचारलं, मूळ प्रतीत काय होतं. मी सांगितलं, चार कोटी वीस लाख होतं. मास्तरांनी ते बरोबर वाचलं. छापील पानावर हजार होते आणि मी त्यावरून बोट पुढे नेलं. मास्तरांचा दोष नाही. त्यांनी "पुढे?" असं विचारलंही होतं.

त्यांनी ते टंकून माझ्यापुढे ठेवलं. मी पूर्ण वाचलं. तारीख चुकली होती. ती दुरुस्त केली आणि सही केली.